चौदावा टॅब

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोज लिहिणार. न चुकता.

टॅब आले! चौदा. तिसरीच्या वर्गात मुलं तेरा. एक जास्तीचा आला याचा अर्थ वरच्या लोकांचा माझ्यावर विश्वास आहे.

संस्थेने मला भैरवमळ्याच्या शाळेवर 'डिजिटल मार्गदर्शक' म्हणून नेमलं आहे. शाळेच्या मागे कंपन्या, पुढे भाड्याच्या खोल्या, मध्ये ट्रक. मुख्याध्यापक तापकीर सरांना मी पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगितलं, की मी टॅब वाटायला नाही, मुलांचं आयुष्य बदलायला आले आहे. ते म्हणाले, "ते हाय. पण आधी कपाटाला कुलूप आणा."

अप्पांनी गावात सांगितलं, वर्षाली चाकणला कॉम्प्युटरची मास्तरीण झाली. मी दुरुस्ती केली नाही. घरात पहिलीच पदवीधर आहे, थोडं मोठं होऊनच बातमी जाणार.

२ जुलै
काल खूप लिहिलं म्हणून आज मुद्द्याचं.

निरंजन सर (संस्थेचे समन्वयक, पिंपरीच्या ऑफिसात बसतात, भेटले नाहीत, फोटो पाहिला) यांनी ग्रूपवर अट टाकली. नोव्हेंबरअखेर दर मुलामागे रोज सरासरी दहा मिनिटं मोठ्याने वाचन व्हायला हवं. ॲप ऐकतं आणि नोंद करतं. झालं, तर टॅब या शाळेत राहणार आणि मला दोन वर्षांचं काम. नाही झालं, तर टॅब दुसऱ्या शाळेला आणि मी परत परांड्याला.

फक्त दहा मिनिटं? हसू आलं. मी वीसचा संकल्प केला आहे.

३ जुलै
नोंदणी पूर्ण. ॲपमध्ये एक ताई आहे, ती मुलाचं नाव घेऊन बोलते. 'छान, रुबीना! पुढचं वाक्य वाच.' आवाज इतका गोड, की सुजितने टॅबच्या मागे जाऊन पाहिलं.

चौदाव्या टॅबला शिक्षकाचं नाव चालेना. ॲपला मूलच हवं. म्हणून तात्पुरतं भरलं: विजयश्री, इयत्ता तिसरी. हे नाव मला आधीपासून आवडतं. जन्मतारीख माझीच टाकली, वर्ष तेवढं बदललं, म्हणजे विसरणार नाही.

६ जुलै, रविवार
निघोज्यात खोली मिळाली. एका रांगेत खोल्या, मालकीण सोजरबाई पहिल्या खोलीत, मी शेजारच्या. त्यांना म्हटलं, संध्याकाळी येत जा गप्पा मारायला. त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. भाडेकरूत जीव गुतवत न्हाई आमी. वर्षात जात्यात समदी."

हे माझ्या पथ्यावरच आहे. एकांत मिळेल. अभ्यास होईल. स्पर्धा परीक्षाही देणार आहे.

८ जुलै
वर्गात पहिलं वाचन. सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. सुजितच्या टॅबने शेजारच्या रुबीनाचं वाक्य ऐकलं आणि सुजितला शाब्बास म्हटलं. रुबीनाने त्याला चिमटा काढला. त्याची किंकाळी सात टॅबनी ऐकली आणि सातही ताया म्हणाल्या, 'पुन्हा प्रयत्न कर.' त्याने केला.

तापकीर सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, चौथीची परीक्षा चाललीय."

निर्णय: टॅब घरी द्यायचे. शिक्षण घराघरात.

१५ जुलै
घरी देऊन आठवडा होत आला. नोंद: शून्य मिनिटं. तेराही मुलांची. माइक खराब आहेत. निरंजन सरांना मेल केला. उत्तर नाही. बहुतेक ते कारखान्याशी बोलत असतील.

१८ जुलै
रुबीनाला विचारलं, वाचतेस का? "वाचते की, मॅडम. रोज." मग दाखव म्हटलं. तिने ओठ हलवले. आवाज नाहीच. जवळ वाकले तेव्हा ऐकू आलं, अख्खा धडा बिनचूक, पण कुजबुजत. म्हणाली, अब्बू रात्रभर ट्रकच्या गॅरेजवर असतात, दिवसा झोपतात. खोली एकच. वाटी पडली तरी उठतात.

बाकीच्यांना विचारलं. कुणाचा बाप नाइटला, कुणाची आई नाइटला, कुणाचे दोघे आलटून पालटून.

निष्कर्ष: मुलांमध्ये आत्मविश्वासाची कमतरता. व्यक्तिमत्त्व विकासाचा तास सुरू करणार.

२१ जुलै
सुजितचे वडील शेखर शाळेत आले. कंपनीचा युनिफॉर्म, डोळे लाल. टॅब माझ्या टेबलावर ठेवला. हळूच ठेवला, हे मान्य करायला हवं.

म्हणाले, "मॅडम, पोरगं बिचारं गप बसतंय, हे यंत्रच ओरडतंय. 'मोठ्याने वाच, मोठ्याने वाच.' आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. प्रेसवर काम आहे माझं, हात आत घालायला लागतो. डुलकी लागली तर ही तुमची ताई बोटं देणार का?"

मी त्यांना पालकांच्या सहभागाचं महत्त्व समजावलं. एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कोण झोपतं दिवसा?"

म्हटलं, कुणी नाही. मी एकटीच राहते.

"मग तुम्हीच वाचा की मोठ्याने," म्हणाले, आणि ड्यूटीला गेले.

त्यांची थकवा आल्यावरची चिडचिड आहे. मनावर घेतलं नाही. दिवसभर विचार करत होते, ते सोडा.

२२ जुलै, संध्याकाळी
चौदावा टॅब खोलीवर आणला. फक्त माइक तपासायला. पहिली गोष्ट वाचली: कावळ्याचं घर. ताई म्हणाली, 'शाब्बास, विजयश्री! किती स्पष्ट वाचतेस!'

माइक उत्तम आहे.

खात्री करायला आणखी चार गोष्टी वाचल्या.

३१ जुलै
वर्गाची सरासरी शून्यावरून चारवर! निरंजन सरांनी ग्रूपवर अंगठा टाकला. पहिलाच.

यात माझ्या तपासणीचा वाटा आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यात गैर काही नाही. मोटार पाणी ओढत नसेल तर पाइपात आधी आपणच दोन बादल्या ओततो, मग ती ओढते. मुलं सुरू झाली की मी थांबणार.

संकल्प: १५ ऑगस्टला थांबणार.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. 'सर्वाधिक प्रगती करणारा वर्ग' म्हणून शाळेला प्रमाणपत्र आलं. तापकीर सरांनी ते ऑफिसात खिळ्याला लावलं आणि मला स्वतःच्या हाताने पेढा दिला. बाकीचे दोन शिक्षक पिंपरीहून गाडीवर येतात, घंटा झाली की जातात. त्यांनीही आज थांबून विचारलं, "मॅडम, जमवलं कसं?" मी सातत्य, नियोजन आणि पालकसंपर्क हे मुद्दे सांगितले. दुसरा मुद्दा सुरू असताना त्यांनी गाडी सुरू केली.

आज थांबणार होते. पण यशाच्या दिवशी थांबणं योग्य नाही.

२ सप्टेंबर
पालकांनी एकेक करून बारा टॅब परत आणून दिले. एक राहिलाय, त्यावर रुबीनाच्या घरी पोळपाट ठेवतात असं कळलं. सपाट आहे, हे खरं.

कपाटातल्या टॅबना दर सोमवारी चार्ज करते. सगळे शंभर टक्के. शिस्त म्हणजे हीच.

१० सप्टेंबर
मधल्या सुट्टीत जिन्याखाली रुबीना आणि सुजित वाचनालयातलं एक फाटकं पुस्तक घेऊन बसले होते. ती कुजबुजत वाचत होती, तो पानं उलटत होता, आणखी चार-पाच जण डोकी खुपसून ऐकत होते. मी जवळ गेले तर सगळे गप्प.

म्हटलं, हेच टॅबवर करा ना. सुजित म्हणाला, "मॅडम, तो लगेच सांगतो ऐकू आलं नाही म्हणून. हिचं आम्हाला येतंय की."

वाईट वाटलं. एवढं वाचन, आणि नोंद कुठेच नाही. म्हणजे झालंच नाही.

२४ सप्टेंबर
सरासरी आठ. विजयश्री पाचवीच्या पातळीवर गेली. अवघड जोडाक्षरं येतात आता, पण ती डगमगत नाही.

रोज शाळेतून येते, चहा टाकते, वाचायला बसते. दोन-अडीच तास कसे जातात कळत नाही. मध्ये एखादा शब्द मुद्दाम चुकवते. मग ताई म्हणते, 'हरकत नाही, मी आहे ना.' तांत्रिकदृष्ट्या हेही तपासायलाच हवं.

स्पर्धा परीक्षेचं पुस्तक पुढच्या महिन्यात उघडणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार
वाढदिवस. कुणाला सांगितला नव्हता, त्यामुळे कुणी विसरलं असं म्हणता येणार नाही.

अप्पांचा फोन दुपारी आला. गिलाव्याचं काम चाललं होतं. "जेवलीस का?" म्हटलं, हो. "बरं. ठेवतो, माल सुकतोय." त्यांना तारखा लक्षात राहत नाहीत, शाळेत गेले नाहीत ना ते.

संध्याकाळी टॅब उघडला तर पडद्यावर फुगे. ताईने 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, विजयश्री' हे गाऊन म्हटलं. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा म्हटलं. फीचर चांगलं आहे. अहवालात लिहिणार.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. गावी.
ॲपमध्ये रोज वाचलं की एक दिवा पेटता राहतो. एक दिवस चुकला की विझतो. विजयश्रीचा जुलैपासून पेटता आहे. टॅब सोबत आणला, ग्रामीण भागात चाचणी म्हणून.

घरात रेंज नाही. अजिंक्यला ओवाळलं आणि पाण्याच्या टाकीवर चढले. वर चांगली रेंज. दोन गोष्टी वाचून झाल्या तेव्हा खालून अजिंक्य ओरडला, "ताये, कुणाशी बोलतीस वर? जेवायला थांबलेत सगळे." म्हटलं, ऑफिसची मीटिंग आहे. आईने सगळ्यांना सांगितलं, तिला सणालाही सुट्टी नाही, एवढी मोठी जबाबदारी.

उतरले तेव्हा पुऱ्या गार झाल्या होत्या. दिवा पेटता आहे.

१४ नोव्हेंबर, बालदिन
सरासरी अकरा!! अट पूर्ण!

निरंजन सरांचा चक्क फोन आला. पहिल्यांदा आवाज ऐकला. म्हणाले, "वर्षाली मॅडम, कमाल केलीत. आणि ही विजयश्री कोण हो? तिसरीची मुलगी सातवीच्या पातळीवर! आपल्या सगळ्या शाळांत पहिली. एकवीस तारखेला टॅब देणाऱ्या कंपनीचे पाहुणे येतायत. तिचा सत्कार करू. आईवडिलांना बोलवा."

मी म्हटलं, बोलावते.

१५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. सत्य सांगणं हाच मार्ग आहे. सोमवारी सांगणार. सविस्तर, मुद्देसूद, मोटारीच्या उदाहरणासह.

१७ नोव्हेंबर, सोमवार
फोन लावला. म्हटलं, सर, विजयश्रीबद्दल बोलायचं होतं, ती... पुढचं वाक्य तयार होतं. पण तेच म्हणाले, "गेली का गावाला?"

मी म्हटलं, हो.

"अरेरे. वाटलंच. या पट्ट्यात हेच होतं. ठेका संपला की बिऱ्हाड टेम्पोत." त्यांना खरंच वाईट वाटलं. मलाही वाटलं.

मी खोटं बोलले नाही. प्रश्न त्यांनी विचारला होता.

१८ नोव्हेंबर
निरंजन सरांनी तापकीर सरांना फोन केला. तापकीर सरांनी हजेरीपट काढला, मला बोलावलं. "मॅडम, ही पोर आपल्या पटावरच न्हाई."

म्हटलं, कागदपत्रं नव्हती, म्हणून नुसतीच बसायची.

ते खुर्चीत मागे टेकले. पोर शाळेत बसत होती, नोंद नाही, आता गेली, म्हणजे शाळाबाह्य मूल. वरून विचारणा झाली तर त्यांच्या गळ्याशी येणार. रिटायरमेंट जवळ आहे. म्हणाले, "गेली तर गेली, पण कागदावर गेली पायजे. तुमी वस्तीत फिरा. कुठली, कुणाची, कुठं गेली, समदं लिहून आणा."

म्हणजे विजयश्रीला शोधायची जबाबदारी माझ्यावर.

सकारात्मक बाजू: वस्तीचं सर्वेक्षण कधीपासून करायचं होतंच.

१९ नोव्हेंबर
पहिल्या चाळीत नळावर बायका होत्या. म्हटलं, विजयश्री नावाची मुलगी, तिसरीतली, माहीत आहे का? वाटलं, नाही म्हणतील आणि मी तसं लिहीन.

"होती की," एक म्हणाली. "सावळी, दोन वेण्या. तिच्या आईचं अन् माझं ह्याच नळावर वाजायचं."

दुसरी म्हणाली, "ती नाही गं, ती वैशाली. विजयश्री म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतली. लातूरकडचे. बाप ठेकेदाराकडे होता."

"हां हां. टेम्पो आला तेव्हा रडत होती ती. दप्तर राहिलं म्हणून."

तिसरीने मला विचारलं, "मॅडम, सापडली तर सांगा. बरी असेल ना?"

चहा दिला. या वस्तीतला पहिला चहा.

२० नोव्हेंबर
आज रुबीनाच्या घरी गेले. तिचे वडील बरकत झोपले होते, म्हणून आई झुलेखाताई आणि मी उंबऱ्यात बसून कुजबुजत बोललो. त्यांनाही विजयश्री आठवते. "अच्छी बच्ची थी. रुबीनाबरोबर खेळायची. एक दिवस आली नाही, बस." रुबीनाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. तिला न बोलायची सवय आहे.

संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणींनी विजयश्रीला पाहिल्याचं लिहून झालं. गालावर तीळ, गुळाची पोळी आवडायची, पावसात घसरून पडली होती. वाचताना वाटलं, मीच तिच्याकडे नीट लक्ष दिलं नाही.

तापकीर सर खूश. "आता कशी खरी वाटतीय पोर," म्हणाले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पाहुणे आले. विजयश्रीचं प्रशस्तिपत्र आणि दप्तर तापकीर सरांनी तिच्या वतीने स्वीकारलं. फोटोत ते दप्तर छातीशी धरून उभे आहेत.

मग पाहुणे म्हणाले, मुलांनी वाचून दाखवावं. रुबीना उभी राहिली. अख्खं पान वाचलं, एकही चूक नाही, आणि एकही शब्द पाहुण्यांपर्यंत पोचला नाही. ते वाकले, कानाला हात लावला, "माइक आहे का?" म्हणाले. पान संपलं हे तिने पुस्तक मिटल्यावर कळलं. तेव्हा त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. तिसरीची मुलं दचकली.

एकूण कार्यक्रम उत्तम.

२८ नोव्हेंबर
निरंजन सरांचा मेसेज. स्थलांतरित विद्यार्थ्याचं खातं नियमाप्रमाणे बंद केलं. बंद झालं की त्याची मिनिटं वजा होतात. वर्गाची सरासरी आता अर्धं मिनिटसुद्धा नाही.

खाली लिहिलं होतं: 'म्हणजे सगळा वर्ग त्या एका मुलीवर उभा होता. वाईट वाटतं. तुम्ही तिला थांबवायला हवं होतं.' टॅब डिसेंबरच्या मध्यात दुसऱ्या शाळेला. माझं काम तिथवर.

संध्याकाळी टॅब उघडला. ताई म्हणाली, 'नमस्कार! तुझं नाव काय?'

टॅब पिशवीत घातला.

१ डिसेंबर
महिन्याचा पहिला दिवस. नव्याने सुरुवात. निरंजन सरांना पत्र लिहून पुनर्विचाराची विनंती करणार. भाषा ठाम पण सौम्य.

४ डिसेंबर
पत्राची पहिली ओळ झाली आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
टॅब गेले. पत्र राहिलं.

वर्गात निरोपाचं भाषण तयार करून गेले होते. मुलं रडतील म्हणून रुमाल जास्तीचा घेतला. म्हटलं, मुलांनो, उद्यापासून मी येणार नाही.

सुजितने विचारलं, "गावाला चाललात?" म्हटलं, हो. त्याने मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. मग चित्रकलेच्या वह्या काढल्या. रुबीनाने विचारलं, आज टेम्पो आलाय का. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग दप्तर आत्ताच भरून ठेवा, नंतर राहतं."

काळजी करते माझी.

तापकीर सरांनी चार्जर मोजून घेतले. म्हणाले, "बरं केलं मॅडम तुमी, ते सर्वेक्षण. फाइल पूर्ण झाली."

१३ डिसेंबर, शनिवार
सामान: एक पेटी, एक बॅग, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक (नवंकोरं, कुणालाही देता येईल).

किल्ली द्यायला गेले. सोजरबाई शेंगा निवडत होत्या. वर पाहिलं नाही. किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "अन् ती पोर?"

म्हटलं, कोणती?

"तुमच्याकडं रोज वाचायला यायची ती. इजयश्री. दिसली न्हाई कदी, पर भिंतीतनं समदं ऐकू यायचं. कवा चुकायची, कवा तिची ताई समजावून सांगायची. लई गोड वाचायची. मी हितं भाकरी थापत ऐकायची. आता आठ-पंधरा दिस झालं, आवाज न्हाई."

मी म्हटलं, ती गेली. गावाला.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आगं बाई. जाताना रडली का?"

म्हटलं, नाही. समजूतदार आहे ती.